साखरेचे पाणी

गेल्या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीला तपासणी शिबिर होते. शहादा तालुक्यातले हे गाव. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे त्या दिवसांत परतत असतात. एक आजी नातवाला घेऊन आली. पोर दीड वर्षाचे, पण सहा महिन्यांच्या बाळाएवढे. दंडाला पट्टी लावली तर ती लाल भागात गेली. आजीने फडक्यात दादरची भाकरी बांधून आणली होती आणि ती दुधात कुस्करून पोराच्या तोंडात कोंबत होती. इतके दिवस उपाशी राहिला, आता पोटभर खाऊ दे, असे तिचे म्हणणे. मी तिचा हात धरला. तिला राग आला. भुकेल्या लेकराच्या तोंडचा घास काढणारा हा कसला डॉक्टर, असे तिला वाटले असणार.

तिला समजावताना मला पंडिता रमाबाई आठवल्या. शारदा सदन काढणाऱ्या, विधवांना शिकवणाऱ्या रमाबाई आपल्याला पुस्तकातून माहीत असतात. पण उपासमारीने शरीराचे काय होते हे त्या वैद्यकाच्या पुस्तकाशिवाय शिकल्या होत्या. जंगलात अडकलेल्या प्रवाशांच्या थरारक गोष्टी आपण आवडीने वाचतो. तशी एक खरी गोष्ट मराठी घरातली आहे, आणि डॉक्टर म्हणून मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवायचे, हा त्यांचा हट्ट. त्या काळी असे करणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे. पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानात त्यांनी घर बांधले. त्या रानातली पहिली रात्र उघड्यावर गेली. जवळच वाघ डरकाळ्या फोडत होता आणि लहान वयाची लक्ष्मीबाई पासोडीत अंग गुंडाळून पहाट होईपर्यंत थरथरत पडली होती. याच रानात एप्रिल १८५८ मध्ये रमाचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असताना घर सुटले. वेताच्या पेटीत घालून, मजुराच्या डोक्यावरून तिचा पहिला प्रवास झाला आणि पुढची वीस वर्षे तो थांबला नाही.

आईवडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा असे हे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला चालत राहिले. देवळात बसून पुराण सांगायचे आणि श्रोते जे वाहतील त्यावर राहायचे. भल्या पहाटे आई रमाला संस्कृत पाठ करून घेई. मुलांना दुसरा कोणताही धंदा शिकवला नव्हता. पुराणिकाच्या मुलाने मजुरी करायची, हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

१८७० च्या दशकाच्या मध्यावर दक्षिणेत पाऊस हुकला. पुढे १८७६ ते ७८ चा जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसे मेली. ज्यांच्याकडे शेत नाही, कसब नाही आणि ज्यांचे पोट दुसऱ्याच्या दानावर चालते, त्यांच्यापर्यंत दुष्काळ सर्वांत आधी पोहोचतो. डोंगरे कुटुंबाने आधी दागिने विकले, मग भांडी, मग चांगले कपडे. जवळचा पैसा दानधर्मात गेला, कारण देव प्रसन्न होऊन संकट टळेल अशी श्रद्धा होती. शेवटी तिरुपतीला असताना तांदळाचा अखेरचा दाणाही संपला.

तेव्हा कुटुंबाने एकत्र बसून ठरवले की ओळखीच्या लोकांत भीक मागण्यापेक्षा रानात जाऊन मरावे. त्याच रात्री पाचही जण तिरुपतीच्या डोंगरातल्या दाट जंगलात शिरले. त्यांना तिथे अडकवले होते ते लाजेने. वाट माहीत होती, पण परतायला तोंड नव्हते.

त्या जंगलात अकरा दिवस आणि अकरा रात्री गेल्या. पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर पाच माणसे तगली. कशी तगली, हे आज आपल्याला सांगता येते.

अन्न बंद झाले की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरते. ती साधारण एका दिवसात संपते. मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. मग शरीर स्नायू मोडून त्यातून साखर बनवू लागते. दोन-तीन दिवसांत चरबी वितळून तिच्यापासून कीटोन नावाचे इंधन तयार होते आणि मेंदू हळूहळू त्यावर चालायला शिकतो. त्यामुळे स्नायूंची झीज मंदावते. पाणी मिळत असेल तर निरोगी, धडधाकट माणूस अन्नाशिवाय काही आठवडे काढू शकतो. पाणी नसेल तर मात्र काही दिवसांतच खेळ संपतो. म्हणजे डोंगरे कुटुंबाला वाचवले ते आधी पाण्याने. पानांनी पोट भरल्यासारखे वाटते, पण माणसाचे आतडे त्यातून फारशी ताकद काढू शकत नाही. त्या मूठभर रानखजुरात मात्र साखर होती, आणि उपाशी शरीरात थोडीशी साखरही स्नायूंची झीज कमी करते.

पण हा हिशेब धडधाकट माणसाचा. अनंतशास्त्री म्हातारे होते, दृष्टी गेलेली होती, आणि जंगलात शिरण्याआधीच कित्येक महिने ते अर्धपोटी होते. त्यांची चरबी आधीच संपलेली असणार. अशा शरीराला अकरा दिवस फार झाले. त्यांनी जवळच्या पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले. बाकीच्यांनीही त्यांच्यामागे जायचे, असे ठरले. त्यांनी एकेकाला जवळ घेतले. सर्वांत धाकट्या रमाला मिठीत घेऊन शेवटचा उपदेश केला.

इथे थोडे थांबून मनाबद्दलही बोलायला हवे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. ही मुले शरीराने खंगलीच, पण त्याहून अधिक मनाने खचली. चिडचिड, उदासी, कुणाशी बोलू नये असे वाटणे, डोक्यात सतत अन्नाचेच विचार. भूक माणसाची विचार करण्याची शक्तीही खाते. त्यामुळे जंगलातल्या त्या निर्णयात मला दुबळेपणा दिसत नाही. ज्या मेंदूला इंधन मिळत नाही, त्याला पुढची वाट दिसेनाशी होते.

वाट सापडली ती श्रीनिवासला. त्याने सांगितले की मी जातीचा आणि विद्येचा अभिमान बाजूला ठेवतो, पडेल ती मजुरी करतो आणि आईवडिलांना पोसतो. वडिलांना धरून खाली नेतो. त्याच्या या एका निर्णयाने ते तळ्यापासून मागे फिरले. जिवंत परतलेल्या माणसांच्या गोष्टींत आपण धाडस शोधतो. इथले धाडस मजुरी करायला तयार होण्यात होते.

डोंगर उतरायला दोन दिवस लागले. पायथ्याच्या गावात त्यांना देवळात राहू दिले नाही. मग गावाबाहेरच्या पडक्या देवळात, जिथे रात्री जनावरेच येत, तिथे त्यांनी आसरा घेतला. एका तरुण ब्राह्मणाला दया आली, त्याने थोडे अन्न दिले. पण अनंतशास्त्रींना ताप भरला होता. आजाराच्या पहिल्या दिवशी त्यांनी थोडे साखरेचे पाणी मागितले. मुलांनी पाणी दिले. साखर नव्हती. नंतर त्यांची शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. श्रीनिवासने देह धोतरात बांधून एकट्याने गावाबाहेर नेला आणि पुरला.

साखरेचे पाणी हा तपशील मी वाचला तेव्हा हातातले पुस्तक खाली ठेवले. कारण आज आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, ज्याला सगळे एनआरसी म्हणतात, अतितीव्र कुपोषित मूल आले की पहिल्या काही मिनिटांत आम्ही हेच करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्यांतली पहिली पायरी रक्तातली साखर घसरू न देण्याची आहे. त्यासाठी मुलाला ५० मिलिलिटर साखरेचे पाणी देतात. साधारण एक चमचा साखर आणि साडेतीन मोठे चमचे पाणी. खंगलेल्या शरीरात ताप आला, जंतुसंसर्ग झाला, की साखर झपाट्याने खाली येते, शुद्ध जाते आणि जीव जातो. अनंतशास्त्रींना नेमके काय झाले होते हे दीडशे वर्षांनंतर मी सांगू शकत नाही. तेवढ्या साखरेने ते वाचलेच असते असेही म्हणणार नाही. पण त्यांच्या शरीराने जे मागितले ते योग्य होते.

पुढे मायलेकरे चालत रायचूरला पोहोचली. तिथे लक्ष्मीबाई तापाने आणि भुकेने अंथरुणाला खिळल्या. रमा शेजारच्या घरी गेली. मागायला शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. रमा धावत आईकडे आली. पण आईला तो खाता आला नाही. इतकी ताकद उरली नव्हती. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. स्मशान तीन मैलांवर होते. तिरडीला चार माणसे जेमतेम मिळाली, त्यात श्रीनिवास आणि रमा ही दोन. रमा सर्वांत ठेंगणी, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला.

ब्राह्मणपुरीच्या आजीला मी याच भाकरीबद्दल सांगत होतो. खूप उपाशी शरीराचे आतडे आतून झिजलेले असते. मद्रासच्या त्या दुष्काळात अलेक्झांडर पोर्टर या डॉक्टरने मदत छावणीच्या रुग्णालयात शेकडो शवविच्छेदने करून उपासमारीने शरीरात काय होते याची नोंद केली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश तर सरकारशीच भांडले. रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याने मजुरी करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य पुरेल असे ठरवले होते. एवढ्या धान्यावर कष्ट करणारा माणूस जगणार नाही आणि नुसते धान्य पुरत नाही, डाळ-भाजीही हवी, हे कॉर्निश यांनी ठणकावून मांडले. अखेर शिधा थोडा वाढला.

आजचे ज्ञान याच्या एक पाऊल पुढे आहे. उपाशी माणसाला एकदम पोटभर खाऊ घातले तर तो त्या जेवणानेच दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे घडले. जेवण मिळताच शरीरात इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. रक्तात त्यांचा तुटवडा पडला की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून आम्ही पहिले काही दिवस एफ-७५ नावाचे पातळ दूध दर दोन तासांनी थोडे थोडे देतो, रात्रीसुद्धा. शंभर मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, म्हणून ते नाव. शक्तीसाठी लोहाचे औषधही आम्ही सुरुवातीला देत नाही, कारण संसर्ग असताना ते त्रासाचे ठरू शकते. मूल स्थिरावले, भूक लागू लागली, की मग आहार वाढवतो. आजीच्या भाकरीची पाळी तेव्हा येते.

परत रमाबाईंकडे. थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने गेली. उरले भाऊ-बहीण. दोघे सुमारे चार हजार मैल चालले. दक्षिणेतून पंजाब, काश्मीर आणि शेवटी बंगालपर्यंत. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खाल्ले, कधी रानटी बोरांसारखी फळे बियांसकट गिळली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी. अंगावर पांघरूण नाही. तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोके सोडून सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले.

याचेही उत्तर वैद्यकात आहे. उपाशी शरीराची शेगडी मंद झालेली असते आणि कातडीखाली चरबीची गादी उरलेली नसते. थोड्या गारठ्यातही ते थंड पडते. कोरड्या वाळूच्या कणांत हवा अडकते आणि ती हवा गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते. वाळू कोरडी हवी, ओली उलट उष्णता शोषते. आमच्या दहा पायऱ्यांतली दुसरी पायरी हीच आहे. मुलाला गरम ठेवा, डोके झाका, आईच्या अंगाशी धरा.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकले नाही. १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवराही नेला.

बहीण आणि नवरा, दोघेही पटकीने. या आजारात जुलाबांवाटे पाणी आणि क्षार वाहून जातात. त्यावरचा सोपा उपाय सापडायला पुढे जवळपास नव्वद वर्षे लागली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि क्षार मिसळलेले पाणी पिंपांतून रुग्णांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. साखर असेल तर आतडे मीठ शोषते आणि मिठामागून पाणी शोषले जाते. आज आशाताई घरोघर देतात ते ओआरएस हेच.

विधवा रमाबाई १८८२ मध्ये पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली की या देशात स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, नाहीतर लाजेपोटी बायका मरत राहतील. लाजेने माणसे कशी मरतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूळ इच्छा वैद्यक शिकण्याची होती, पण कान अधू झाल्याने ते जमले नाही. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. स्वतःला न मिळालेली पदवी दुसरीच्या हातात पाहताना त्यांना काय वाटले असेल, हे मला अनेकदा मनात येते.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, नंतर ते पुण्याला हलले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी आली आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. त्यांनी तिथून शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दीड हजारावर गेली. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, छापखाना घातला. आपल्या आईवडिलांनी मुलांना हाताचा धंदा शिकवला नव्हता, ही खंत त्यांच्या मनात असावी. कारण मुक्तीतल्या प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर एखादे कामही शिकवले जाई. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मनोरमा त्यांच्या आधी, १९२१ मध्येच गेली होती.

आपल्या जिल्ह्यात आज तसा दुष्काळ नाही. रेशन आहे, अंगणवाडी आहे. तरी मुले खंगतात, आणि बरेचदा घरचे ती लपवतात. लोक काय म्हणतील, रोजगार बुडेल, दवाखान्यात नेले तर नावे ठेवतील. म्हणून थोडे लक्षात ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खड्डा पडेल अशी सूज असेल, तर वाट पाहू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना दाखवा. मूल सुस्त, गार पडले असेल पण गिळू शकत असेल, तर चमच्या-चमच्याने साखरेचे पाणी पाजत, अंगाशी धरून, गुंडाळून दवाखान्यात न्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, तडक निघा. आणि मायेपोटी घाईने पोटभर भरवू नका.

ब्राह्मणपुरीची आजी शेवटी ऐकली. तिने भाकरी परत फडक्यात बांधली आणि आमच्याबरोबर गाडीत बसली. वाटेत पोराला तिनेच चमच्याने साखरेचे पाणी पाजले. बाराव्या दिवशी एनआरसीच्या ओसरीवर ती मला दिसली. पोर तिच्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी चघळत होते. आजीने माझ्याकडे पाहिले, पण बोलली काही नाही. तुकडा हातातून पडला तेव्हा तिने तो उचलला, झटकला आणि परत त्याच्या हातात दिला.